मारव्यातला सा

आमच्या घरात मार खाल्ल्याशिवाय कुणी सूर शिकलं नाही, आणि सूर शिकूनही मार काही चुकला नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. ज्यांची तक्रार करायची ती माणसं गेली, आणि जी उरली त्यांत मीही आहे. माझ्याकडे गाणं शिकायला येणाऱ्या मुलींच्या आया विचारतात, बाई, तुम्ही कुणाकडे शिकलात? मी म्हणते, वडिलांकडे. त्यावर त्या ‘अय्या, किती छान’ म्हणतात आणि मला त्या ‘किती छान’चा राग येतो. राग मला लहानपणापासून लवकर येतो, नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असतो. आता पन्नाशी उलटली तरी तो तिथून हललेला नाही. तो राग एकदा काय करून बसला ते आजवर कुणाला सांगितलं नाही, ते इथे सांगणार आहे.

पोलादपूरच्या वर, कुडपणच्या अंगाला, डोंगराच्या सपाटीवर आमची वाडी. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांच्या नातवंडांशी माझं बरं चाललं आहे. वीसेक घरं, प्रत्येकाची दोन-चार गुरं, शेरडं, उतारावर नाचणी आणि वरीची शेतं. घरात आम्ही चौघं. अण्णा म्हणजे वडील, आये, माझ्याहून सात वर्षांनी मोठा दादा आणि मी. घर म्हणजे एक ओटी, एक माजघर आणि मागे भिंतीला लागूनच गोठा. मधली भिंत कुडाची, त्यामुळे म्हैस रवंथ करायची तेही आम्हाला ऐकू यायचं. पहाटे आयेची फुंकणी आणि माझ्या सुरपेटीचा भाता एकाच वेळी सुरू होत. सुरपेटी जुनी होती, भात्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलेलं होतं, आणि सा धरला की त्या ठिगळातून एक बारीक शिट्टी यायची. त्या शिट्टीकडे दुर्लक्ष करून आत जो खरा सा आहे तो ऐकायचा, हा माझा पहिला धडा.

अण्णा तेव्हा म्हशीखाली बसलेले असायचे. रिकाम्या कासंडीत पहिली धार पडली की ती खणकन वाजते, आणि कासंडी भरत जाते तसा आवाज बदलत जातो. अण्णा मध्येच धार थांबवून कुडाच्या पलीकडून विचारायचे, “आता कुठला?” मी त्या धारेचा सूर सांगायचा. बरोबर आलं तर पुढची धार पडायची. चुकलं तर अण्णा उठायचे. वळचणीला निरगुडीची शिमटी खोचलेली असायची. ती पोटरीवर बसली की आधी काहीच वाटत नाही, दोन श्वासांनंतर आग होते, आणि त्या आगीतच पुढचा सूर लावायचा असे. रडलं तर आणखी एक. आये चुलीपुढून म्हणायची, “दुदाची म्हस आटल तुमच्या वरडन्यान.” पण मध्ये पडायची नाही. मग नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि भाजलेल्या जवळ्याची चटणी समोर यायची, अण्णा माझ्या ताटात स्वतःच्या हाताने लोणी घालायचे, आणि मी ते खायची. मला ते लोणी आवडायचं, खोटं कशाला बोलू.

अण्णा स्वतः असेच शिकलेले. तरुणपणी ते महाडला एका खानावळीत पाणी भरायला होते आणि वरच्या माळ्यावर एक बुवा गाणं शिकवायचे. पाणी भरता भरता अण्णा ऐकायचे, मग वर जाऊन कोपऱ्यात बसायला लागले. पेटीवर चुकीची पट्टी दाबली म्हणून बुवांनी एकदा पेटीचं झाकणच त्यांच्या बोटांवर आपटलं. उजव्या हाताची करंगळी कायमची वाकडी झाली. ती वाकडी करंगळी अण्णा आम्हाला कौतुकाने दाखवायचे, “ही बुवांची आठवन.” सहा वर्षांनी आजोबा वारले म्हणून ते गुरं सांभाळायला वाडीत परत आले, ते सोबत एक पेटी, डोक्यात पंधरा-वीस राग, आणि मारल्याशिवाय विद्या येत नाही ही खात्री घेऊन.

दादाच्या गळ्यात सूर नव्हता. अण्णांनी तो बारा वर्षांचा होईपर्यंत मारून बघितलं, मग एक दिवस शिमटी खाली टाकली आणि म्हणाले, “दगूड हाय.” दादाला सुटल्यासारखं झालं असेल, पण त्या दिवसापासून शिमटी माझ्या वाट्याला आली, हे तो कधी विसरला नाही. पुढे तो कारखान्यात लागला आणि बिरवाडीला चौघांत एक खोली घेऊन राहू लागला. महिन्यातून एकदा वर यायचा तेव्हा त्याच्या घामालाही औषधासारखा वास यायचा. तोंडात हिंदी असायची. माझ्या पोटऱ्या बघितल्या की त्याचा जबडा आवळायचा, मग मला म्हणायचा, “टेन्शन नको घेऊ गो. एवढी जत्रा होऊ दे. खोली बघितलीय मी, आपल्या दोघांपुरती. महाडला कॉलेजात तुझं नाव घालतो.” मी दहावी होऊन घरीच बसले होते. त्या वर्षी माझं सगळं लक्ष त्या एका वाक्यावर होतं. जत्रा, मग बिरवाडी, मग कॉलेज. शिमटी इथेच राहणार होती.

आता जत्रेचं सांगते. आमच्या वाडीचा देव नरसिंह. वैशाखात त्याचं आख्यान होई, देवळापुढच्या अंगणात, दुपारपासून सांजेपर्यंत. कथा सगळ्यांना माहीत आहे. हिरण्यकश्यपूला वर होता की तो दिवसा मरणार नाही, रात्री मरणार नाही, घरात मरणार नाही, बाहेर मरणार नाही. म्हणून देव खांबातून आला, तिन्हीसांजेला, आणि त्याने त्याला उंबऱ्यावर मारलं. दुसऱ्या गावांत हे नाटकासारखं करतात. आमच्याकडे ते अक्षरशः पाळत. सूर्य समोरच्या डोंगराला टेकला की प्रल्हादाने देवाला हाक मारायची. हाक संपली की असुराने खांबाला लाथ घालायची. खांब बांबूच्या तट्ट्याचा, वर रंगीत कागद, आणि आत नरसिंहाचं सोंग घेतलेला माणूस बसलेला. तो खांब फोडून बाहेर यायचा, असुराला देवळाच्या उंबऱ्यावर आडवा टाकायचा, पोटावर हळद-चुन्याचं लाल पाणी ओतायचा. असुर मेला की मगच गुरव गाभाऱ्यात दिवा लावायचा आणि घंटा वाजवायचा. दिवा लागला म्हणजे रात्र झाली. रात्र व्हायच्या आत असुर मेला पाहिजे, नाहीतर तो वर्षभर वाडीत राहतो, गुरं खातो, पोरं खातो. असं कधी झालं नव्हतं, कारण जुन्या चालीत प्रल्हादाच्या हाकेच्या चारच ओळी होत्या आणि मृदुंगाच्या चार फेऱ्यांत त्या संपत.

ती जुनी चाल अण्णांना सहन होत नसे. सगळं आख्यान एकाच सुरात, असुर ओरडतोय त्याच सुरात, आई रडतेय त्याच सुरात. त्यांनी दर वर्षी एक-एक पद बदलायला घेतलं. शब्द जुने असले तर ठेवायचे, नसले तर स्वतः करायचे, आणि त्या शब्दाला कुठला राग पेलेल ते शोधत गुरांमागे हिंडायचे. प्रल्हादाच्या आईचं, कयाधूचं पद त्यांनी जोगियात बांधलं. असुराची दरबारातली गर्जना अडाण्यात बांधली, पण दादाला सूर नव्हता म्हणून ती अण्णा स्वतः पेटीवरून म्हणत आणि दादा नुसती गदा फिरवत असे. दादा उंच, छाती रुंद, डोळे मोठे, असुर म्हणून तो दिसायचाच तसा. वाडीतले लोक चेष्टा करत. “अन्नाचा द्येव हल्ली आ आ करत येतोय, वाटंत झोपंल येक दिस.” अण्णा हसत नसत. आज मला वाटतं की त्या डोंगरावर त्यांच्याइतका एकटा माणूस दुसरा नव्हता. पण तेव्हा माझ्या पोटऱ्यांवर वळ होते, आणि वळ असताना असले विचार सुचत नाहीत.

त्या वर्षी प्रल्हादाची हाक राहिली होती. अण्णांनी ती मारव्यात बांधली. शब्द त्यांचेच:

खांबात निजला माझा हरी,
कशी मी हाक देऊ,
सांज सरे रे, सांज सरे,
तू ये.

मारवा हा सांजेचाच राग. त्यात सा जवळजवळ लावायचाच नाही. सगळे सूर त्याच्याभोवती फिरतात, कोमल रिषभावर येऊन थबकतात, वाटतं आता आला, आणि परत वर निघून जातात. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. अण्णा म्हणायचे, “सा म्हंजे उंबरा. भायेरच फिरायचा. पाय टाकायचा तो येकदाच, शेवटाला.” तो शेवट म्हणजे ‘तू ये’ मधला ‘ये’. तो सा लागला की दादाने खांबाला लाथ घालायची. प्रल्हादाच्या सोंगातल्या पोराला एवढं गाता येणं शक्यच नव्हतं, म्हणून ओवरीत पडद्यामागे बसून मी गायचं ठरलं. मुलीने आख्यानात गायचं हे आधी कधी झालं नव्हतं. गुरवबाबा नाही म्हणत होते, मग म्हणाले, “पडद्याआड असंल तर द्येवाला काय दिसतंय.”

आख्यानाच्या तीन दिवस आधी ओटीवर तालीम झाली. दादा त्याच दिवशी वर आला होता, गदा घेऊन बसला होता. गदा पांगाऱ्याच्या लाकडाची, हलकी, दर वर्षी मोडायची, म्हणून त्याने कारखान्याच्या भंगारातली लोखंडी सळी आणून आत आरपार बसवली होती. मी गायला लागले आणि माझ्या मनात ऊन होतं. म्हणजे असं, की सूर्य टेकल्यापासून दिवा लागेपर्यंत वेळ किती असतो ते मला माहीत होतं, आणि मी घाईने सा वर आले. अण्णांनी पेटी थांबवली. “परत.” मी परत गायले, परत लवकर आले. “तुझ्याकडं सा मागितला कुनी?” मी म्हटलं, “अण्णा, वेळ पुरणार नाही. दिवा लागेल.” ते उठले. शिमटी पोटरीवर बसली नाही, पाठीवर बसली, मग मानेवर, मग मी हात वर केले तेव्हा बोटांवर. ते एकेका फटक्याबरोबर बोलत होते, “दिव्याची काळजी, गुरव करंल. तू, सुराची, कर.” दादाने उठून त्यांचा हात मनगटात धरला. बाप आणि मुलगा ओटीवर समोरासमोर उभे. दादा म्हणाला, “बस झाला. जत्रा झाली की ती माझ्यासंगं येतेय.” अण्णा म्हणाले, “जाऊ दे. पन जाताना सा लावून जाऊ दे.” रात्री आयेने माझ्या मानेला खोबरेल लावलं. मी उताणी पडून आढ्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, थांबा. तुम्हाला सा लवकर नको ना. मग तुम्ही मागाल तेव्हासुद्धा देणार नाही.

आख्यानाच्या दिवशी वारा अजिबात नव्हता. खालच्या वाड्यांतून माणसं आली होती, पोरींनी करवंदांचे द्रोण भरून आणले होते. मी ओवरीत पडद्यामागे सुरपेटी घेऊन बसले. पडद्याच्या फटीतून मला तीन गोष्टी दिसत होत्या: पेटीवर बसलेले अण्णा, खांबाशेजारी उभा असलेला दादा, आणि समोरचा डोंगर. नरसिंहाचं सोंग धोंडूकाकांचं. ते शेजारचेच, चांगले आडदांड, आणि खांबात बसले की त्यांच्या अंगात यायचं. म्हणून त्यांच्या कमरेला पासोडी बांधून मागे दोन माणसं धरून उभी असत. सूर्य डोंगराला टेकला. अण्णांनी माझ्या दिशेने मान हलवली. मी निषाद लावला आणि तिथून रिषभावर गेले.

त्या दिवशी मला काय झालं ते मी आजपर्यंत मुलींना शिकवताना समजावू शकलेली नाही. आवाज लागला. त्याआधी मी गात होते म्हणजे सूर शोधत होते. त्या दिवशी सूर जागेवर होते आणि मी फक्त जात होते. अंगणातली कुजबुज थांबली. एक बाई पोराला पाजता पाजता तशीच माझ्या पडद्याकडे बघत राहिली. ‘सांज सरे रे’ वर मी किती वेळ होते कुणास ठाऊक. डोंगरावर सूर्याची एक चीर उरली होती. अण्णांनी उजवा हात पेटीवरून उचलून वर केला. ती खूण ठरलेली होती: आता उतर, सा दे. मला ती खूण दिसली. स्वच्छ दिसली, वाकड्या करंगळीसकट. माझ्या मानेवरचे वळ घामाने चरचरत होते. मी गांधारापर्यंत आले, रिषभावर आले, थांबले, आणि परत वर गेले. अण्णांनी हात पुन्हा वर केला, या वेळी जोरात. मी पुन्हा खाली येऊन परत गेले. मनात म्हणत होते, मागा. मला जे वाटत होतं तो सूड होता आणि ते गाणंही होतं, आणि दोन्ही इतकं एकत्र होतं की मला वेगळं करता येत नव्हतं. मग अण्णांनी हात खाली घेतला. डोळे मिटले. आणि पेटीवर माझ्या मागे मागे यायला लागले.

सूर्याची चीर गेली. दादाला ते दिसत होतं. तो एकदा पडद्याकडे, एकदा अण्णांकडे बघत होता, पण ‘ये’ आल्याशिवाय लाथ घालायची नाही हे त्याला तालमीत शंभरदा सांगितलेलं. आभाळ काळपट झालं. गुरवबाबा गाभाऱ्याच्या दारात काडेपेटी घेऊन उभे होते, त्यांच्या तोंडावरचा घाम मला लांबून दिसत होता. देवाला अंधारात ठेवता येत नाही. त्यांनी बराच दम धरला, मग आत वळले. दिवा लागला. घंटा वाजली. मी जिथे होते तिथेच तुटले, सा तसाच राहिला.

मग दादाने भानावर येऊन खांबाला लाथ घातली. धोंडूकाका तट्टा फाडून बाहेर आले ते डोळे पांढरे करून, आणि त्यांची नखं दादाच्या छातीवर खरोखरची उतरली. गुरवबाबा दारातून ओरडले, “धरा त्यास्नी. दिवा लागला. आता मारलात तर द्येव खोटा पडंल.” मागच्या दोघांनी पासोडी ओढून धोंडूकाकांना मागे खेचलं. म्हणजे असुर जिवंत राहिला. अंगणात दोनेकशे माणसं, रात्र झालेली, आणि मध्ये मुकुट घातलेला माझा भाऊ, छातीतून रक्त येत असलेला. कुणीतरी म्हातारी म्हणाली, “शिवंभायेर घालवा त्याला. न्हायतर गुरा मरतील.” तेवढं पुरलं.

पहिली काठी सखारामने मारली. दुपारी तो आणि दादा एका पानात जेवले होते. तो हसत मारत होता, जरा खेळ असल्यासारखं, आणि दादाही हसला, दोन पावलं मागे सरला. दुसऱ्याने मारली ती हसत मारलेली नव्हती. मग गुरं हाकायच्या काठ्या सगळ्यांच्याच हातात होत्या. दादा म्हणत होता, “आरे मी हाय, मी हाय.” पण मुकुट हनुवटीखाली बांधलेला, तोंड काळं-तांबडं रंगवलेलं, तो कोण आहे हे बघायचंच कुणाला नव्हतं. त्याला पाणवठ्याच्या वाटेने शिवेकडे हाकत नेलं. बायका मागून माती फेकत होत्या. मी पडदा फाडून धावले. अण्णा माझ्या पुढे होते, धोतर सुटलेलं, ओरडत होते, “माझी चूक. गाना माझा. मला मारा.” दोघा-तिघांनी त्यांच्या पाठीत घातल्या आणि बाजूला ढकललं, कारण असुर ते नव्हते. शिवेच्या ओहोळापाशी दादा घसरून पडला. कुणीतरी त्याच्याच हातातली गदा हिसकावली आणि त्याच्या डोक्यात घातली. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, त्याला वाटलं असेल काय लागतंय. आतली सळी आमच्या घरच्यांखेरीज कुणाला माहीत नव्हती. गदा डाव्या कानावर बसली. दादा ओहोळाच्या पलीकडे आडवा झाला आणि लोक थांबले, कारण तो शिवेबाहेर गेला होता. मग ते घामाघूम होऊन एकमेकांकडे बघत उभे राहिले, आणि सखाराम खाली बसून ओकला.

दादाला डोलीत घालून खाली नेलं, पोलादपूरहून गाडीने महाडला. बरगड्या जुळल्या, छातीवरच्या जखमा भरल्या, पण डावा कान गेला तो गेलाच, आणि उजव्यानेही कमी ऐकू यायला लागलं. भोंगा ऐकू येत नाही अशा माणसाला कारखान्यात कोण ठेवणार. तो वाडीत परत आला, शेरडं राखायला लागला. बिरवाडीच्या खोलीचं नाव परत निघालं नाही. वाडीने आम्हाला वर्षभर वाळीत टाकलं, त्यात काय काय होतं ते सांगत बसत नाही. फक्त एवढंच, की दादाला मारणाऱ्यांना वाळीत टाकलं नाही, दिवा चुकवणाऱ्यांना टाकलं. पुढच्या वैशाखात जुनी चाल परत आली आणि असुर ऊन असतानाच मेला.

दादाला महाडहून आणलं त्या संध्याकाळचं मात्र सांगायला हवं. आयेने त्याला माजघरात घोंगडीवर निजवलं, कपाळावरून हात फिरवला. मग चुलीतून एक जळतं लाकूड ओढलं, हंड्यात बुडवून विझवलं, आणि ते घेऊन ओटीवर गेली. अण्णा खांबाला टेकून बसले होते. तिने त्यांना मारायला सुरुवात केली. खांद्यावर, दंडावर, पाठीवर. बायकोने नवऱ्याला मारलेलं मी आयुष्यात तेवढंच पाहिलं. ती ओरडत नव्हती. “माझा पोर हुबा व्हता तिथं,” एवढंच म्हणायची आणि मारायची. “तुमी गाना ऐकत बसलात. माझा पोर हुबा व्हता.” अण्णांनी हात वर केले नाहीत. तिचा दम संपल्यावर ते उठून गोठ्यात गेले, कारण धारेची वेळ झाली होती.

मी त्यांच्या मागे गेले. मला मार हवा होता. माझ्या सतरा वर्षांत पहिल्यांदाच मी मारण्याजोगं काही केलं होतं आणि या माणसाने, ज्याने लवकर आलेल्या एका सा साठी माझी पाठ फोडली होती, महाडपर्यंत आणि परत माझ्याकडे डोळा वर करून पाहिलं नव्हतं. वर सगळ्यांना सांगत होता की गाणं त्याने लांबवलं. मी गोठ्याच्या दारात उभी राहून म्हटलं, “अण्णा, तुमचा हात मला दिसला होता. दोन्ही वेळा.”

“म्हाईत हाय.” कासंडीत धार पडत होती.

“मग मारा मला.”

मी वळचणीची शिमटी काढून त्यांच्या मांडीवर टाकली. त्यांनी ती बाजूला सारली, म्हशीच्या पायाखाली.

“तिसऱ्यांदा मी हात का वर केला न्हाय, ता इचार,” ते म्हणाले.

“का?”

“असा मारवा बुवांनी पन कवा गायला न्हाय.” धार चालूच होती. “दिवा लागंल ता मला कळत व्हता. पोर हुबा दिसत व्हता. पेटी बंद केली आसती तर तू थांबली आसतीस. मी न्हाय केली. मला पुढचा आयकायचा व्हता.”

मी तिथे उभी होते आणि मला आनंद झाला. हे लिहायला मला तीस-पस्तीस वर्षं लागली. भिंतीपलीकडे दादा निजला होता, त्याच्या कानातून पू येत होता, त्याची नोकरी गेली होती, माझं कॉलेज गेलं होतं, आणि मला छातीभर आनंद झाला. त्या डोंगरावरच्या एकमेव गाणं कळणाऱ्या माणसाने मला सांगितलं होतं की मी गायले. मी तो आनंद दाबायचा प्रयत्न केला, तो दबेना. मग मला स्वतःची इतकी किळस आली की मी तिथून पळाले.

माजघरात दादा उजव्या कुशीवर झोपला होता, म्हणजे बरा कान उशीत आणि गेलेला कान वर, त्यावर कापसाचा बोळा. डोळे उघडे होते, भिंतीकडे. मी त्याच्या पाठीमागे बसले आणि सगळं सांगितलं. हात दिसला होता. मुद्दाम थांबले नाही. दोन्ही वेळा. तुझ्यामुळे नाही, अण्णांवरच्या रागाने. आणि आता गोठ्यात मला आनंद झाला. एक शब्द गाळला नाही, आवाजही खाली केला नाही. सांगून झाल्यावर मी थांबले.

माझा हात घोंगडीला लागला असावा. दादा कण्हत वळला, बरा कान उशीतून वर आला, आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, “काय म्हणालीस गो?”

“काय नाय,” मी म्हटलं. “भाकरी खातोस का, विचारलं.”